अल्बानिया: खिसा सांभाळून

पहिल्यांदाच जातोयस ना, मग जुलै-ऑगस्ट टाळ. सारांदा, क्सामिल या समुद्रकाठच्या गावांत तेव्हा खोल्यांचे भाव आभाळाला टेकतात. सप्टेंबरात समुद्र तसाच कोमट आणि गर्दी ओसरलेली. मुक्काम मात्र बेरात, जिरोकास्तरला कर. दोन्ही जुनी गावं युनेस्कोच्या यादीत आहेत. फिरायला 'फुर्गोन', म्हणजे आपलं वडापच: भरलं की सुटतं. म्हणून सकाळीच स्टँड गाठ, दुपारनंतर गाडी मिळेलच असं नाही. सुटे 'लेक' (तिथलं चलन) जवळ ठेव, कार्डावर विसंबू नकोस. शाकाहारी असशील तर बेकरीतला पालक किंवा चीज भरलेला ब्युरेक घे, एका तुकड्यात नाश्ता उरकतो. आणि हो, तिथली जुनी माणसं 'नाही' म्हणताना मान वरखाली हलवतात. मी त्यापायी एकदा भलत्याच गाडीत बसलोय!