मायग्रेनचे अटॅक कमी व्हावेत म्हणून सप्लिमेंट घेऊन बघावीत का?

तुम्ही लिहिलंय की महिन्याला चार-पाच अटॅक येतात, दर वेळी वेदनाशामक गोळी घेऊन दिवस ढकलावा लागतो, आणि डॉक्टरांनी आता रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी सुचवली आहे. ती सुरू करण्याआधी मॅग्नेशियम, बी-२ जीवनसत्त्व वगैरे घेऊन बघावं का, हा तुमचा प्रश्न.

जरूर बघा. पण डॉक्टरांच्या कानावर घालून, एका वेळी एकच, आणि निदान तीन महिने वहीत नोंद ठेवून. मी डॉक्टर नाही. कॉलेजपासून मला अर्धशिशी आहे, तीही ऑरासकट (म्हणजे दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमचम दिसते ती), आणि बी-२ व मॅग्नेशियम ही दोन्ही मी बरीच वर्षं घेते आहे. अटॅक थांबलेले नाहीत. कमी झालेत, आणि येतात तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसावर जात नाहीत. ज्याला हा आजार आहे त्याला एवढ्या फरकाची किंमत कळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यातली कुठलीही गोळी चालू अटॅक थांबवण्यासाठी नाही. डोकं ठणकायला लागल्यावर बी-२ गिळून काहीही होणार नाही. अटॅकची गोळी वेगळी आणि ती तुमच्याजवळ असायलाच हवी. सप्लिमेंटचं काम आहे महिन्यातले अटॅक कमी करणं, आणि ते अतिशय सावकाश होतं. पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात.

सुरुवात मी बी-२ने, म्हणजे रायबोफ्लेविनने, करायला सांगेन, कारण त्यात धोका सर्वांत कमी. १९९८ साली बेल्जियममध्ये झालेल्या चाचणीत ५५ जणांना तीन महिने रोज ४०० मिलिग्रॅम रायबोफ्लेविन किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती. बी-२ घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं. औषध नसलेल्या गोळीवर हेच १५ टक्क्यांच्या बाबतीत घडलं. चाचणी लहान होती, आणि मुलांवर झालेल्या चाचण्यांत असा स्पष्ट फायदा दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. मेंदूतल्या पेशी ऊर्जा तयार करतात त्या साखळीत बी-२ लागतं, आणि मायग्रेन असलेल्यांच्या मेंदूत ही ऊर्जा कमी पडत असावी, असा त्यामागचा विचार आहे.

इथे एक गफलत फार होते. ४०० मिलिग्रॅम हा आकडा प्रचंड आहे, रोजच्या गरजेच्या जवळजवळ तीनशे पट. साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत त्याच्या आसपासही बी-२ नसतं. म्हणून "मी बी-कॉम्प्लेक्स घेतलं, काही झालं नाही" असं कोणी म्हणालं तर त्याने बी-२ घेऊन बघितलंच नाही असं समजा. आणि तो आकडा गाठायला बी-कॉम्प्लेक्सच्याच ओंजळभर गोळ्या खाणं तर मुळीच नको, कारण त्यातलं बी-६ जास्त मात्रेत बरेच दिवस गेलं तर हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. नुसतं रायबोफ्लेविन असलेली गोळीच घ्या, जेवणासोबत, म्हणजे नीट शोषली जाते. लघवी भडक पिवळी होईल. घाबरू नका, जादा बी-२ बाहेर पडतंय एवढाच त्याचा अर्थ.

मॅग्नेशियमचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचंही. ऑरा येतो तेव्हा मला आधी वाचत असलेल्या ओळीतलं एखादं अक्षर दिसेनासं होतं. मग त्या जागी चमचमती नागमोडी रेघ येते आणि ती वीस-पंचवीस मिनिटं हळूहळू कडेकडे सरकत जाते. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने सरकणारी विद्युत-रासायनिक लाट या रेघेमागे असते. मॅग्नेशियम कमी असलं की ही लाट सहज उठते, म्हणून ऑरा असणाऱ्यांना ते आवर्जून सुचवतात. पाळीच्या सुमारास अटॅक येणाऱ्या बायकांसाठीही त्याचा विचार होतो. १९९१च्या एका छोट्या अभ्यासात चक्राच्या पंधराव्या दिवसापासून पाळी येईपर्यंत रोज ३६० मिलिग्रॅम दिल्यावर फायदा दिसला होता. १९९६ सालच्या दोन चाचण्यांची उत्तरं मात्र उलटसुलट आहेत. एकीत रोज ६०० मिलिग्रॅमने अटॅक सुमारे ४२ टक्क्यांनी घटले, औषध नसलेल्या गोळीने १६ टक्क्यांनी. दुसरीत काहीच फरक पडला नाही. म्हणजे आशा धरण्यासारखं आहे, खात्री देण्यासारखं नाही.

मॅग्नेशियम घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. पुढे ठळक अक्षरांत "मॅग्नेशियम सायट्रेट ५०० मिलिग्रॅम" लिहिलेलं असतं, पण तो आख्ख्या क्षाराचा आकडा असू शकतो. तसा असेल तर प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण ८० मिलिग्रॅम भरतं. "एलिमेंटल मॅग्नेशियम" किती, हे बारीक अक्षरांत असतं आणि हिशोब त्याचाच करायचा. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये हे प्रमाण जास्त, पण अंगी कमी लागतं आणि पोट पटकन बिघडवतं. सायट्रेट बरं, ग्लायसिनेट पोटाला त्याहून सोसतं, मी तेच घेते. जुलाब लागले की मात्रा जास्त झाली. अमेरिकेत सप्लिमेंटमधून घ्यायच्या मॅग्नेशियमची सर्वसाधारण वरची मर्यादा ३५० मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे चाचण्यांतली ६०० मिलिग्रॅमची मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच नाही, कारण मग मॅग्नेशियम शरीरात साठत जातं. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर हवं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकं चालू असतील तर त्यांच्याही वेळा सांभाळाव्या लागतात.

को-एन्झाइम क्यू-१०, म्हणजे पेशींना ऊर्जा तयार करायला लागणारा एक पदार्थ, हा तिसरा पर्याय. २००५ची ४२ जणांची चाचणी, रोज ३०० मिलिग्रॅम, तीन महिने, निकाल उत्साहवर्धक. पण पुरावा पहिल्या दोघांपेक्षा कमी. वॉरफरिन (रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दिलेली गोळी) घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. फीवरफ्यू या वनस्पतीबद्दल मला फारसा विश्वास वाटत नाही. अर्क कोणता यावर सगळं अवलंबून आहे, तोंड येतं, आणि गरोदरपणात ती चालत नाही.

बटरबर ही वनस्पती मात्र घेऊच नका. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण शोधायला बसलात की ते समोर येईलच, बहुधा "सर्वांत चांगला पुरावा" या शिफारशीसकट. ती शिफारस खरोखर होती: २०१२ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने त्याला सर्वोच्च श्रेणी दिली होती. पुढे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या तक्रारींमुळे २०१५ मध्ये ती मार्गदर्शक सूचनाच मागे घेतली गेली. या वनस्पतीत यकृताला घातक अल्कलॉइड असतात, ते काढून टाकल्याचा दावा असलेल्या गोळ्यांबद्दलही शंका उरते, आणि सप्लिमेंटची तपासणी औषधांइतकी कडक होत नाही. जुने लेख मात्र जसेच्या तसे फिरत राहिले आहेत. "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार" असं कोणी म्हणालं की मला हीच गोष्ट आठवते आणि मनापासून भीती वाटते.

आता वही. दुखलं तो दिवस, किती तीव्र होतं, कोणती गोळी घेतली, पाळीची तारीख, झोप. एवढंच लिहा, पण रोज लिहा. सप्लिमेंट सुरू करायच्या आधीचा एक महिनाही त्यात हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? वहीतला गोळ्यांचा रकाना विशेष काळजीने भरा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरच्या खास गोळ्या) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. तसं होत असेल तर मॅग्नेशियम, बी-२ कितीही घेतलं तरी उपयोग होणार नाही. आधी तो पेच सोडवावा लागेल.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर सुरू करण्याआधी विचारा. आणि दुखण्याची तऱ्हाच बदलली, म्हणजे एकाएकी आयुष्यात कधी नव्हतं असं भयंकर दुखलं, ताप येऊन मान आखडली, बोलताना जीभ अडखळली, एक बाजू लुळी पडली, तर थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी सुचवलेली रोजची गोळी नको म्हणून सप्लिमेंट, असं मात्र मनात धरू नका. दोन्ही एकत्र चालू शकतात, फक्त काय काय घेताय ते त्यांना कळायला हवं. अटॅक इतके जोराचे असतील की कामावर खाडे होतायत, तर तीन महिने नुसत्या बी-२वर काढावेत असं मी म्हणणार नाही. गोळी सुरू करा आणि सप्लिमेंट जोडीला घ्यायचं का ते विचारा. त्रास तेवढा नसेल तर बी-२ सुरू करा, तीन महिन्यांनी वही बघा, फरक नसेल तर बंद करून मॅग्नेशियम, आणि त्यानेही नाही झालं तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कोणती प्रतिबंधक गोळी निवडायची हे ठरवताना ते जे जे विचारतील, ते सगळं त्यात लिहिलेलं असेल.