बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झाली, राग मात्र तसाच

"ताई, माझं तारण खरंच झालंय का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. तारण म्हणजे पापातून सुटका. वय चाळिशीचं, कारखान्यात पाळीची नोकरी, मंडळीत गायनाला पुढे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दारू सुटली ती कायमची. राग काही सुटला नाही. आदल्या रविवारी उपासनेला निघताना नऊ वर्षांच्या मुलाचा एक बूट सापडेना. यांनी हातातला दुसरा बूट असा भिरकावला की खिळ्यावरचं वचनांचं कॅलेंडर खाली आलं. मग चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घेतात ती, भाकर हातात घेववेना. उठून बाहेर येऊन बसले.

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. एखादी सवय एका रात्रीत सुटली की माणूस बाकीच्या सगळ्या सवयींना तीच मुदत लावतो, आणि ती टळली की स्वतःच्या विश्वासावरच संशय घेतो.

घरात हात उचलता का, हे मी आधी सरळ विचारलं. नाही म्हणाले. त्यांच्या पत्नीला वेगळं भेटले, त्याही नाहीच म्हणाल्या. उत्तर वेगळं असतं तर आधी बायको-मुलाची सुरक्षितता पाहिली असती, बाकीचं सगळं नंतर.

त्यांना मी पंडिता रमाबाईंचं सांगितलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना उमगलं आठ वर्षांनी, आणि पुढे त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलं. एवढी मोठी बाई हे मोकळेपणाने सांगते, मग आपण का लपवायचं?

मग एक वही ठेवायला सांगितली. राग आला की वार, वेळ, आधी काय खाल्लं, किती झोप झाली, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत दिसलं की मोठे भडके जवळजवळ सगळे रविवारी सकाळचे. शनिवारी रात्रपाळी, सकाळी सातला घरी, जेमतेम दोन तास झोप, पोटात नुसता चहा. "मी तर सैतानाला धमकावत होतो," ते म्हणाले. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली 'आता मरण दे' म्हणत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून खायला दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं. मला हा भाग फार जवळचा आहे. त्यांनी शनिवारची पाळी बदलून मागितली. ती मिळेना तेव्हा दुपारच्या उपासनेला जाऊ लागले.

पण खरी गाठ पुढेच होती. "मुलाची माफी मागितलीत?"

"देवाची मागितली ना, ताई. रडून मागितली."

"आणि मुलाची?"

बराच वेळ ते रुमालाची घडी घालत बसले. बापाने पोराची माफी मागायची, हे त्यांच्या घरात कधी कोणी पाहिलेलं नव्हतं. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो की अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. नऊ वर्षांचा असला म्हणून तो त्यातून वगळला जात नाही, इतकंच मी म्हणाले. पवित्र आत्म्याचं फळ, म्हणजे प्रेम, शांती, सौम्यता असे गुण, आपण पाठ म्हणतो, पण सौम्यता पिकते ती अशाच ठिकाणी, जिथे मान खाली घालायला जड जातं.

तीन महिन्यांनी दोघं एकत्र आले. राग गेला का, असं मी विचारलं नाही. पत्नीच आपण होऊन म्हणाल्या, "परवा पुन्हा ओरडले. पण पाच मिनिटांत आतून बाहेर आले आणि त्याच्या समोर खाली बसले. म्हणाले, माझं चुकलं. पोरगं घाबरलंच आधी. मग त्याने पाय पुढे केला, पप्पा, लेस बांधा."