प्रश्न तुमचे: आधी परतीची गाडी, मग ताट

प्रश्न : मी ६८ वर्षांची, यजमान ७६ वर्षांचे. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, तांबडा-पांढरा खायचा आणि एसटीनं इचलकरंजीला परत, असा आमचा बेत असतो. स्टँडवरच्या गर्दीत चोरीची धास्ती वाटते. काय खबरदारी घ्यावी?
एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्यासाठी दुपारचं जेवण सोयीचं. कोल्हापुरातल्या बऱ्याच मटण खानावळी दुपारची पंगत उठली की बंद होतात आणि संध्याकाळीच पुन्हा उघडतात. चार वाजता पोचलात तर तीन तास ताटकळावं लागेल आणि परतायला हमखास रात्र होईल. सकाळी दर्शन उरकून साडेबाराच्या सुमारास ताटावर बसा. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी खानावळीत गर्दी असते, त्या दिवशी आणखी अर्धा तास आधी गेलेलं बरं.

मध्यवर्ती बसस्थानकावर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर परतीच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्या. शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीचीच गाडी पकडायची असं ठरवून निघा. एखादी फेरी रद्द झाली तरी हातात एक गाडी राहते. आणि परत निघण्याआधी वाट्यांवर वाट्या रस्सा रिचवू नका. एसटी मधेच थांबवता येत नाही.

यजमानांचं वय ७५च्या वर, म्हणजे एसटीत त्यांचा प्रवास मोफत. तरीही शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या, तपासनीस आला तर तेच दाखवावं लागतं. तुम्हाला अर्धं तिकीट. ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं आणि महिला म्हणून अर्धं, अशा दोन सवलती एकावर एक मिळत नाहीत. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. ही सवलत एसटीची आहे, केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसमध्ये, तीच चालेल असं धरून चालू नका.

आता चोरीचं. चोरी बहुतेक वेळा गाडीत चढताना, दारातच होते. पुढचा माणूस पायरीवर उगाच अडखळतो, मागून रेटा येतो, तुमचा एक हात दांड्याला आणि दुसरा पदराला गुंतलेला असतो. त्या चार-पाच सेकंदांत पर्सची चेन उघडली जाते किंवा गळ्यातलं तुटतं. म्हणून रेटारेटीत शिरूच नका. जागा धरायच्या घाईपायीच पिशवीवरचं लक्ष उडतं. पर्स पोटाशी, चेन आतल्या बाजूला. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पिन लावा. आणि एक गोष्ट खानावळीतच उरका. बिल देताना तिथंच बसून नोटा मोजा, तिकिटापुरते सुट्टे वेगळे काढा आणि मोठी पर्स घरी जाईपर्यंत उघडू नका. स्टँडवर उभं राहून पैसे मोजणाऱ्यावरच नजर ठेवली जाते.

काही गेल्याचं लक्षात आलं तर खाली उतरून शोधाशोध करू नका. जागच्या जागी ओरडून कंडक्टरला सांगा आणि कुणी उतरायच्या आत गाडी थांबवून ११२ ला फोन करा. एकदा माणसं पांगली की हाती काही लागत नाही.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी राजारामपुरीत होस्टेलवर राहतो. रंकाळ्यावर भेळ, आइस्क्रीम खाऊन यायला दहा वाजतात. केएमटीनं यावं की रिक्षानं?
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : जाताना केएमटीनं जा, येताना रिक्षानं या. रात्री केएमटीच्या फेऱ्या विरळ होतात आणि रिकाम्या थांब्यावर अर्धा तास उभं राहण्यात शहाणपण नाही. तलावाकाठच्या अंधाऱ्या बाजूला न थांबता गाड्यांची आणि दुकानांची वर्दळ आहे तिथून रिक्षा करा. बसायच्या आधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्यांना पाठवा. फोटो काढताना रिक्षावाल्याला दिसू द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘राजारामपुरी’ एवढंच सांगू नका, ‘जनता बझार’ किंवा गल्लीचा नंबर सांगा, म्हणजे वाटेत भाड्यावरून वाद होत नाही. रिक्षात तीनच प्रवासी बसवायची परवानगी असते. चौघी असाल तर दोन रिक्षा करा आणि दोघी-दोघी बसा. कुणीही एकटी मागं राहता कामा नये.

प्रश्न : रश्शाचं पार्सल एसटीनं कागलला नेताना दर वेळी पिशवी गळते. पांढरा तर घरी जाऊन फाटतो. काय चुकतं?
एक वाचक, कागल

उत्तर : गाठ मारलेली पातळ पिशवी हेच मूळ. गरम रश्शाच्या वाफेनं ती फुगते, वळणावर दाब पडला की गाठीतून गळते, आणि तांबड्याचा कट एकदा कपड्यांवर पडला की निघता निघत नाही. घरून फिरकीच्या झाकणाचे दोन स्टीलचे डबे न्या. डबा काठोकाठ भरू नका, वर दोन बोटं जागा ठेवा. झाकण घट्ट फिरवून डबा एकदा आडवा धरून बघा. मग जाड कापडी पिशवीत सरळ उभा ठेवा. पिशवी पायांच्या मधे ठेवा, वरच्या रॅकवर नको.

पांढऱ्यात मटणाची अळणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू असतात. हा ऐवज कोमट राहिला की लवकर आंबतो. म्हणून भरून घेतल्यापासून दोन तासांच्या आत खाऊन टाका, किंवा घरी पोचताच फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात एक तासच धरा. वास किंवा चव बदलली असेल तर उकळून वापरायचा विचारही करू नका, सरळ ओतून द्या. चांगला असेल तर मंद आचेवर, सतत ढवळत, वाफा निघेपर्यंत सगळीकडून सारखा गरम करा. मोठ्या आचेवर खळखळून उकळलात की नारळाचं दूध फुटतं, तुमचा पांढरा फाटतो तो त्यामुळंच.

प्रश्न : एका हॉटेलात बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला होता. द्यावाच लागतो का?
एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच हॉटेलांना तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आहे. शांतपणे काढायला सांगा. जीएसटी मात्र कर आहे, तो द्यावाच लागतो. हॉटेलवाला ऐकत नसेल तर बिलाचा फोटो ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्याच बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर आहे का तेही बघा. जेवणानंतर पोट बिघडलं आणि तक्रार करायची झाली, तर तो नंबर उपयोगी पडतो.