बोटीचं इंजिन गेलं: ७ लाख घालायचे की विकून मोकळं व्हायचं?

विलेपार्ल्याहून एका वाचकांचं सविस्तर पत्र आलंय, ते थोडक्यात असं. वय ५१, खासगी नोकरी, मुलगा यंदा बारावी झाला. २०२१ मध्ये त्यांनी आणि मेहुण्यांनी निम्मे-निम्मे पैसे घालून २४ लाखांना सेकंडहँड बोट घेतली. २०१४ सालची, अमेरिकी बनावटीची, आत पेट्रोलवर चालणारं व्ही-एट इंजिन. बोट मांडव्याला असते. फेब्रुवारीपासून इंजिन अडखळत होतं, तरी दोन-तीन रविवार तसंच रेटलं. एप्रिलमध्ये गेटवेहून मांडव्याला परतताना ते बंदच पडलं. उघडून बघितलं तर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा आतला भाग फुटलेला आणि दोन सिलिंडरमध्ये खारं पाणी. दुरुस्तीचा अंदाज ७ लाख, नवीन इंजिन बसवायला १९ लाख. आहे तशी विकली तर एक गिऱ्हाईक ६ लाख द्यायला तयार आहे. मेहुणे म्हणतात, "तुम्ही आता भरा, मी दिवाळीनंतर देतो." पत्नी म्हणते, विका. प्रश्न असा की ११ लाखांची एफडी मोडावी, की म्युच्युअल फंडांवर कर्ज काढावं?

पैसे कुठून आणायचे हे नंतर बघू, ते घालायचे का हे अजून ठरलेलं नाही. माझं मत आधीच सांगतो. आज ७ लाख घालू नका आणि आज ६ लाखांना विकूही नका. आधी काही हजार खर्चून इंजिनाची खरी अवस्था बघा. नवीन इंजिन मात्र डोक्यातून काढूनच टाका. बारा वर्षांच्या बोटीत १९ लाखांचं इंजिन बसवलं म्हणून ती विकताना कोणी तेवढे जास्त देत नाही.

आता थोडं इंजिनाबद्दल, कारण पैशांचा निर्णय तिथेच अडकलाय. अमेरिकेत २०१० च्या मॉडेलपासून पेट्रोलच्या इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनांना धुराचे कडक नियम लागू झाले, म्हणून तुमच्या इंजिनात कन्व्हर्टर आहे. आउटबोर्डवाल्यांना, म्हणजे इंजिन बोटीच्या मागे बाहेर लावणाऱ्यांना, सहसा ही कटकट नसते. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. ही जाळी काही शे अंशांपर्यंत तापते आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर धुराच्या वळणदार नळीत, म्हणजे एल्बोत, समुद्राचं पाणी खेळत असतं. मोटारीत असा संसार नसतो.

कन्व्हर्टर आपणहून क्वचितच जातो, त्याला कोणीतरी घालवतं. संशयित दोन. पहिला मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं: प्लग किंवा कॉइल गेली की न जळलेलं पेट्रोल थेट जाळीत जाऊन पेटतं, जाळी वितळते, धुराची वाट तुंबते. दुसरा पाणी: खाऱ्या पाण्याने मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा भाग) किंवा एल्बो आतून कुजला की पाणी तापलेल्या जाळीवर पडतं, ती तडकते, आणि तेच पाणी उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका प्लगच्या टोकावर नारिंगी गंज आणि कडेला मिठाची पांढरी रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे पाणी आलंय हे नक्की. पण फेब्रुवारीतलं अडखळणं त्याआधीचं, त्यामुळे दोन्ही संशयित हातात हात घालून आले असावेत. त्यात आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. बोटीच्या इंजिनांना उत्पादक साधारण १० टक्क्यांपर्यंतच मुभा देतात आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आठवडेच्या आठवडे अर्धी टाकी भरून बोट उभी ठेवणं म्हणजे मिसफायरला आमंत्रण.

म्हणून मेकॅनिकला एकच विचारा: या ७ लाखांत नुसतं फुटलेलं बदलणार, की ते का फुटलं हेही निस्तरणार? कारण तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर पुढच्या मोसमात पुन्हा हेच पत्र लिहाल. सगळ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का आणि तो गळतो का) करून घ्या, आत कॅमेरा घालून भिंतींचे फोटो काढायला सांगा, आकडे कागदावर मागा. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकायचा दीड लाख वाचवणारा पर्याय त्याने सुचवलाय, त्याला नाही म्हणा. तुमच्या इंजिनाचा कॉम्प्युटर कन्व्हर्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या ऑक्सिजन सेन्सरवर चालतो. शिवाय कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड बराच कमी करतो आणि तुमची मुलं बसतात नेमकी मागच्या टोकाला.

एक गोष्ट मात्र आजच करा. सिलिंडरमध्ये खारं पाणी गेलेलं इंजिन तसंच पडून राहिलं तर रोज थोडं थोडं मरतं. ते धुऊन, सुकवून आत गंज रोखणारं फॉगिंग ऑइल मारलंय का, हे फोन करून विचारा. हा खर्च विकायचं ठरलं तरी वसूल होतो. बाकी घाई कसलीच नाही. १ जूनपासून तसंही कोणी समुद्रात जात नाही, होड्या शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेपर्यंत विचार करायला वेळ आहे.

आता हिशोब. २४ लाख विसरा, ते दुरुस्त करूनही परत येत नाहीत आणि विकूनही येत नाहीत. तुमच्याच आकड्यांप्रमाणे मूरिंग (बोट बांधून ठेवायची जागा), खलाशी, पावसाळ्यात बोट वर काढणं, विमा आणि सर्व्हिसिंग मिळून वर्षाला ३ लाख ६० हजार जातात आणि मोसमात १४ फेऱ्या होतात. तीन मोसम चालवायची म्हटलं तर ७ लाख दुरुस्ती, १० लाख ८० हजार देखभाल, आणि आज हातचे सोडलेले ६ लाख. त्यातून तीन वर्षांनी बोट विकून ८ लाख आले असं धरलं तरी निव्वळ १५ लाख ८० हजार. भागिले ४२ फेऱ्या. एका फेरीला साडेसदतीस हजारांच्या वर, पेट्रोल वेगळं. तुमच्या मित्राने वाढदिवसाला १८ हजारांत बोट भाड्याने घेतल्याचं तुम्हीच लिहिलंय.

दुरुस्त करून विकू, असंही मनात असेल. ब्रोकर चालू अवस्थेत १३ लाख सांगतो. ६ अधिक ७ किती होतात ते बघा आणि सोडून द्या. नव्या बोटीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाल्याने जुन्यांना थोडी मागणी येईल, पण त्या भरवशावर ७ लाख गुंतवू नयेत.

विम्याकडून फार आशा धरू नका. झीज आणि गंज पॉलिसीत बहुधा वगळलेले असतात. तरी पाणी अचानक शिरलं का, हे विमा कंपनीच्या सर्व्हेअरला ठरवू द्या. तो येईपर्यंत सुटे भाग हलवू नका. करात नफ्या-तोट्याचा प्रश्न नाही: वैयक्तिक वापराची बोट भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, म्हणून हा तोटा दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वजाही होत नाही.

एफडी तुमचा आणीबाणीचा पैसा आहे आणि मुलाची ॲडमिशन तोंडावर आहे, तिला हात लावू नका. फंडांवर कर्ज काढलं आणि बाजार पडला, तर बँक आणखी युनिट किंवा रोख मागणार, तेही छंदासाठी. टेस्ट चांगली आली आणि तरीही मन होत असेल, तर मेहुण्यांचे साडेतीन लाख काम सुरू होण्याआधी खात्यात यायला हवेत. ते दिवाळीनंतर देणार असतील तर दुरुस्तीही दिवाळीनंतर. नात्यात कटुता येऊ नये म्हणून पैसे आधी भरणाऱ्यांच्याच घरी पुढे ती येते, हे मी बऱ्याच कुटुंबांत बघितलंय. आणि तुमचे साडेतीन लाख बोनसमधून निघत नसतील, तर उत्तर 'विका' हेच. वहिनींचं मत मला पटतं, फक्त ६ लाख कमी वाटतात. गिऱ्हाईकाने सगळं इंजिन गेलंय असं धरून भाव केलाय. टेस्टचा कागद समोर ठेवून, गणपतीच्या आधी, पुन्हा बोला.

आणि सर्व्हेअर बघून गेला की मेकॅनिककडून तो फुटलेला कन्व्हर्टर तुकड्यांसकट मागून घ्या. आतल्या प्लॅटिनमसाठी भंगारवाले त्याचे पैसे देतात, तो त्याच्या दुकानात राहू देऊ नका.