घरच्या जिनिंगमध्ये केलेल्या कामाचे कॉलेजमध्ये क्रेडिट मिळतात का?

तू बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, काकांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, दोन सीझन काटा (गाड्यांचं वजन) आणि हिशोब सांभाळलास, आणि आता विचारतोस की त्याचे क्रेडिट मिळतील का, की कॉलेज सांगेल त्याच कंपनीत इंटर्नशिप करावी लागेल. झालेल्या सीझनचे बहुतेक मिळणार नाहीत. पुढच्याचे मिळवता येतात, आणि तू ते सोडू नकोस. तुला एकाने उत्तर दिलंय की 'घरचं काम कोणी धरत नाही, पुण्याला जाऊन खरी इंटर्नशिप कर.' ते वाचून राहवलं नाही.

मी धरणगाव तालुक्यातली. आमचे आबा एका जिनिंगमध्ये काट्यावर बसायचे. 2017 च्या दिवाळीनंतर त्यांच्या कमरेने धरलं आणि ऐन सीझनमध्ये त्यांच्या जागेवर मी जाऊन बसले. तेव्हा मीही बी.कॉम.लाच होते. सुरुवातीला ट्रॅक्टरवाले तोंडावर म्हणायचे, "पोर शे, तिले काय समजस?" काट्याच्या खिडकीतून पहिली गोष्ट शिकले ती ही, की भरलेली गाडी काट्यावर येते तेव्हा ड्रायव्हर सीटवर असतो आणि रिकामी गाडी येते तेव्हा तो चहाला गेलेला असतो. मग माणसाचं साठ-सत्तर किलो वजन कापसाच्या भावाने लागतं. तेव्हाच्या भावाने एका गाडीमागे तीन हजारांच्या आसपास फरक. मी दोन्ही वेळेला ड्रायव्हरला खाली उतरवायला लागले. भांडणं झाली, पण शेठ माझ्या बाजूने उभे राहिले.

ते वर्ष बोंडअळीचं होतं. गाडीत वर पांढरा माल आणि खाली कवडी, म्हणजे किडका कापूस, असं सर्रास चालायचं. साधारण पाच क्विंटल कापसातून 170 किलोची एक गाठ निघते, हे धरून शेठ भाव काढायचे. त्या वर्षी रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, घसरला आणि सगळं गणित हललं. रुईच्या 356 किलोच्या खंडीचा भाव, सरकीचा भाव, मजुरी, घट, आणि त्यावरून उलटं येत आज गेटवर कापूस किती रुपयाने घ्यायचा, हे मी रोज सकाळी त्यांच्याशेजारी बसून मांडलं. कॉस्टिंग याहून वेगळं काय असतं?

आणि नेमका त्याच नोव्हेंबरमध्ये, 15 तारखेपासून, शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर जीएसटीचा रिव्हर्स चार्ज लागू झाला, म्हणजे कर विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा. शेतकरी नोंदणीकृत नसतो, तो बिल देत नाही, म्हणून घेणाऱ्यानेच इनव्हॉइस काढायचं, 5 टक्के कर आधी रोखीच्या लेजरमधून भरायचा आणि मग त्याचं इनपुट क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तो पुढच्या करातून वजा करायचा. जिनिंगच्या मुनीमकाकांना ते पटेना. ते म्हणायचे, विकलेल्या गाठींवर आपण कर भरतोच, मग हा आणखी कुठला? सीए येऊन समजावून गेले तेव्हा वही घेऊन मी बसले होते. पुढे महिनाभर त्या एंट्र्या मीच केल्या. कॉलेजच्या पुस्तकात तेव्हा अजून जीएसटीआधीचा व्हॅट होता.

याच काळात माझी हजेरी कमी भरली. जिनिंगच्या लेटरहेडवर पत्र घेऊन मी सरांकडे गेले, म्हटलं प्रोजेक्ट म्हणून तरी हे धरा. त्यांनी पत्र न उघडता परत दिलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "काट्यावर बसून कॉमर्स येत नाही." माझ्या शेजारच्या मुलीने एका फर्मचं नाव टाकून प्रोजेक्टची झेरॉक्स दिली होती. ती फर्म तिने डोळ्यांनीही पाहिली नव्हती. तिला पूर्ण मार्क.

तेव्हा विद्यापीठाचं नाव नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. 2018 ला त्याला बहिणाबाईंचं नाव लागलं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि जिचं सगळं शहाणपण शेतात नि घरात राबून आलं, तिच्या नावाच्या विद्यापीठात घरच्या कामाला कमी लेखणाऱ्यांनी जरा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

आता तुझं. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांना नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून लागू झालं. त्यात फील्ड प्रोजेक्ट आहे, शेवटच्या टप्प्यात ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी), म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं, आहे. ओजेटीचे 4 क्रेडिट, 30 तासांना 1 या हिशोबाने 120 तास. तीन वर्षांच्या 132 क्रेडिटमध्ये ही काही किरकोळ गोष्ट नाही. अनुभवालाही क्रेडिट देता येतं, हे 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आहे, पण त्यालाही मूल्यमापन लागतं. नुसतं 'मी काम केलंय' म्हणून खिडकीवर कोणी क्रेडिट देणार नाही, आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तुझ्या खात्यात ते तू स्वतः टाकू शकत नाहीस, कॉलेजच टाकतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी अर्ज दे, मार्गदर्शक शिक्षक नेमून घे, आणि रोजची दैनंदिनी ठेव. 'हिशोब पाहिला' असं लिहू नकोस. किती गाड्या आल्या, ओलावा किती निघाला, कुठली एंट्री अडली, असं लिही.

काकांची सही काही कॉलेजं नातेवाईक म्हणून नाकारतात, तेव्हा मुनीमजींची किंवा सीएची सही चालेल का ते आधी विचार. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा असतो, सूचनापत्रक नीट वाच. आणि काका म्हणाले की 'देतो लिहून, यायची गरज नाही', तर नको म्हण. आज मी एका जिनिंगचे अकाउंट्स पाहते, ओजेटीची मुलं माझ्याकडे येतात. न येता सर्टिफिकेट मागणाऱ्याला मी परत पाठवते, मग तो कोणाचाही मुलगा असो.

घरचं काम शिक्षण नाही असं कोणी सर तुला म्हणाले, तर मान खाली घालू नकोस. रिव्हर्स चार्जचा कर इनपुट क्रेडिटमधून का भरता येत नाही, ते त्यांच्यासमोर फळ्यावर मांडून दाखव. मला तेव्हा ते येत होतं, पण कोणी विचारलंच नाही.

जिनिंग मार्चपर्यंत आवरतं आणि ओजेटीचं सहावं सेमिस्टर साधारण जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे तारखा जमतील. अर्ज मात्र दिवाळीच्या सुट्टीआधी टाक.