कोल्हापुरात राहून गोल्फ शिकता येतो का? सुरुवातीला कुठला सेट घेऊ?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, नोकरी कोल्हापुरात, टीव्हीवर बघून गोल्फचा नाद लागलाय, घराजवळ कोर्स नाही, पंचवीस हजार बाजूला काढलेत आणि ऑनलाइन एक पूर्ण सेट बघून ठेवलाय, तो घेऊ का. गोल्फ नक्की शिका. तो सेट आत्ता घेऊ नका.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. सात वर्षं झाली खेळतोय, महिन्यातनं एखादा-दुसरा रविवार बेळगावच्या गोल्फ कोर्सवर जातो, पहाटे पाचला निघायचं, कागल, निपाणी, संकेश्वर करत साधारण ११० किलोमीटर, रस्त्याचं काम नसेल तर दोन तासांत तिथं. म्हणजे महिन्याचे २८ दिवस मी कोर्सवर नसतोच, आणि तरी माझा खेळ सुधारला तो याच २८ दिवसांत, इथं घरी. का ते सांगतो.

१८ होलचा कोर्स, पार (म्हणजे चांगल्या खेळाडूला सगळे होल संपवायला लागावेत तेवढे फटके) ७२ धरा. पार काढताना प्रत्येक ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) दोन पट, म्हणजे बॉल घरंगळत होलकडं नेणारे हलके फटके, गृहीत धरलेले असतात, म्हणजे ३६, बरोब्बर निम्मे. त्यात ग्रीनच्या आसपासचे छोटे उचललेले फटके, चिप आणि पिच, मिळवा. या सगळ्याला तीनशे यार्डाचं मैदान लागत नाही, तुमचा हॉल आणि गच्ची पुरते.

२०२५ चं मास्टर्स, ती अमेरिकेतली मोठी गोल्फ स्पर्धा, बघितलं असेल तर आठवा. आपल्याकडं १४ एप्रिलची पहाट होती, आंबेडकर जयंतीची सुट्टी म्हणून मी रात्रभर जागलो. रोरी मॅकिलरॉय म्हणजे जगातल्या सगळ्यात लांब मारणाऱ्यांपैकी एक, चारही मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा) जिंकून पूर्ण व्हायला त्याला हे एकच राहिलेलं, २०१४ पासून. तेराव्या होलवर त्यानं हातात वेज (जवळनं बॉल उंच उचलायची काठी) असताना, इतक्या जवळनं, बॉल ओढ्यात घातला. अठराव्यावर पाचेक फुटाचा पट चुकला आणि जिंकलेली मॅच प्लेऑफला, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा होलवर, गेली. आणि प्लेऑफमध्ये जस्टिन रोझसमोर जिंकला तो कशानं, परत वेजनंच, बॉल होलपासून तीन-चार फुटांवर आणून ठेवला आणि पट घातला. मग गुडघ्यावर बसून रडला तो, मलाही भरून आलं. सगळं हरणं-जिंकणं त्या जवळच्या शॉटांत होतं.

आपली अदिती अशोक घ्या. टोकियोचं ऑलिम्पिक, २०२१ चा ऑगस्ट, इथला महापूर ओसरून जेमतेम दोन आठवडे झालेले, घरोघरी साफसफाई चाललेली आणि मी पहाटे मोबाइलवर गोल्फ बघतोय. बाकीच्या मुली तिच्यापेक्षा किती तरी पुढं बॉल मारत होत्या, आणि ती पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) जोरावर शेवटच्या होलपर्यंत मेडलच्या शर्यतीत राहिली. चौथी आली, ब्रॉन्झ एका शॉटनं गेलं. त्या दिवशी मी ठरवलं की आधी पटिंग.

तर घरी काय करायचं. गोल्फचं होल १०८ मिलिमीटरचं असतं. ड्रेनेजचा ११० चा पीव्हीसी पाइप मिळतो ना हार्डवेअरच्या दुकानात, त्याचा बोटभर तुकडा कापून घ्या, आतनं तो होलपेक्षा थोडा लहानच भरतो, त्यामुळं सराव कडक होतो. सतरंजी सुरकुती न ठेवता ताणून टाका, तिच्या टोकाला तो तुकडा तोंड तुमच्याकडं करून आडवा टेकवा आणि तीन फुटावरनं रोज पन्नास पट. लागोपाठ वीस गेले की पाच फूट. गच्चीवर नेट लावणार असाल तर क्रिकेटची नेट एकटी चालत नाही, गोल्फचा बॉल साधारण पावणेत्रेचाळीस मिलिमीटरचाच असतो, भोकातनं निसटू शकतो. मी मागं आईची जुनी वाकळ टांगलीय, बॉल तिच्यात रुतून जागेवर खाली पडतो. सार्वजनिक मैदानात मात्र मारू नका, तिथं पोरं फुटबॉल खेळत असतात आणि हा बॉल दगडासारखा लागतो.

आता सेट. नियमानं बॅगेत १४ क्लब (बॉल मारायच्या काठ्या) चालतात, तुम्हाला सध्या तीन पुरेत: पटर, सात नंबरची आयर्न (धातूच्या पातळ डोक्याची काठी) आणि ५६ डिग्रीची सँड वेज. जुने घ्या. मी सुरुवातीला घाईत पूर्ण सेट मागवला होता, दोन महिन्यांत ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब मारायच्या काठीचं) डोकं शाफ्टमधनं, म्हणजे दांड्यातनं, सुटून बाजूच्या गच्चीवर गेलं, आत चिकटवायचं एपॉक्सी नीट भरलंच नव्हतं, आणि विकणाऱ्यानं नंतर फोन उचलला नाही. गच्चीवर तेव्हा कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

आयर्न घेताना कॅव्हिटी बॅकच घ्या, मागनं पोकळ असते ती. हे आपल्या फाउंड्रीवाल्यांना पटकन कळतं. फ्लायव्हीलचं वजन कडेला का ठेवतात, तेच इथं. वजन कडेला गेलं की बॉल मधोमध न लागता टोकाकडं लागला तरी डोकं कमी फिरतं आणि बॉल बऱ्यापैकी सरळ जातो. ही डोकी बहुतेक कास्टिंगची असतात, मेणाचा पॅटर्न, त्यावर सिरॅमिकचे थर, मेण वितळवून काढायचं आणि आत स्टील ओतायचं. फोर्ज्ड ब्लेड, म्हणजे ठोकून घडवलेली, मागनं पोकळ नसलेली आयर्न, दिसायला लई देखणी असते, पण पहिली दोन वर्षं तिच्या वाटेला जाऊ नका.

जुन्या क्लबची ग्रिप, म्हणजे धरायची रबरी मूठ, कडक झालेली असते, ती बदलायलाच पाहिजे. मी उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपमध्ये बदलतो. शाफ्ट व्हाइसमध्ये रबर लावून हलका आवळायचा, जुनी ग्रिप कटरनं उभी चिरायची, चिकटलेली टेप खरडून काढायची, नवी दोन्हीकडनं चिकटणारी टेप गुंडाळायची. मग ग्रिपच्या टोकाचं भोक बोटानं दाबून आत थिनर ओतायचं, हलवायचं, तेच थिनर टेपवर सोडायचं आणि ग्रिप एका दमात शेवटपर्यंत सरकवायची. मध्ये थांबलात की ती तिथंच धरते. वरची खूण क्लबच्या तोंडाशी जुळवायला थोडेच सेकंद मिळतात. रात्रभर वाळू द्या. आणि वेल्डिंग चालू असेल तिथं हे काम करू नका.

क्लब धरताना हातोड्यासारखा तळव्यात धरू नका, बोटांच्या मुळाशी धरा. एवढं एक मात्र कुणाकडनं तरी समोर उभं राहून शिका, चुकीची पकड बसली की मोडायला वर्ष जातं, माझं गेलं. उरलेल्या पैशातनं चार-पाच धडे घ्या, बेळगावला किंवा पुण्याला, जिथं जमेल तिथं.

पहिल्यांदा कोर्सवर जाण्याआधी फोन करा, बाहेरच्यांना कधी खेळू देतात आणि फी किती ते विचारा. कॉलरचा टी-शर्ट घाला. बॉल हरवला तर शोधायला तीनच मिनिटं असतात, २०१९ पासून, आधी पाच होती. कॅडी, म्हणजे आपली बॅग उचलणारा, सांगेल ते ऐका, ग्रीनचा उतार त्याला पायानं कळतो. आणि बॉल पडून ग्रीनवर खड्डा झाला तर तो बुजवूनच पुढं जा.

दिवाळीनंतर आमचं चौघांचं जायचं ठरतंय, गाडीत एक जागा आहे. तोवर तीन फुटावरनं लागोपाठ वीस पट घालून ठेवा.