आठ दिवसांसाठी जपानला जाताना जपानी शिकावी का?

तुम्ही विचारलंय की फोनवर भाषांतराचं ॲप असताना आठ दिवसांच्या सहलीसाठी जपानी शिकण्यात वेळ घालवावा का. घालवावा. 'ॲप पुरे' असं तुम्हाला जे कोणी सांगतंय, त्याने माळकरी माणसाला सोबत घेऊन जपानात जेवण शोधलेलं नाही.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये मी आईला घेऊन ओसाकाला गेले. दादा तिथे नोकरीला होता, चार वर्षं झाली होती. ऑफिसचं काम इंग्रजीत, बाकी सगळं फोनवर. निघण्याआधी तीन महिने मी रोज रात्री अर्धा तास जपानी करायचे, तर तो म्हणायचा, "कशाला डोकं शिणवतेस? मी आहे ना."

दुसऱ्याच दिवशी त्याने आम्हाला कित्सुने उदोन खायला नेलं. गव्हाच्या जाड शेवया, वर तळलेला गोडसर तोफू, कांद्याची पात आणि पातळ रस्सा. दादाने मेनूवर फोन धरला. शेवया, तोफू, कांदा. "बघ, सगळं शाकाहारी." आई दोन घास जेवली, रस्सा प्यायली आणि मला म्हणाली, "वास कसला येतोय गं याला?"

मी काउंटरपाशी जाऊन विचारलं, "सुमिमासेन, कोरे, नान नो दाशी देसु का?" म्हणजे, ही कशाची दाशी आहे? दाशी म्हणजे रश्शाचा मूळ अर्क. आतले आजोबा म्हणाले, "कोम्बु तो कात्सुओ." कोम्बु हे समुद्री शेवाळ. कात्सुओ हा मासा. तो उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि त्याच्या किसाचा अर्क काढतात. तो अर्क रश्शात असतो हे तिथे सगळ्यांना माहीत असतं, मग मेनूत कोण लिहील? आपण तरी आमटीच्या नावात फोडणी लिहितो का? ॲप जे लिहिलंय तेवढंच वाचणार.

दादा हळूच म्हणाला, "तिला सांगू नकोस. कळलं नाही तर बाधत नाही." मी सांगितलं. आईने वाटी बाजूला सरकवली, गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणाली, "अजाणता झालं ते पांडुरंग बघून घेईल. आता नको." त्या दिवशी ती नुसत्या भातावर राहिली. मी सांगून आईला दुखावलं असं दादा आजही म्हणतो. मला ते पटत नाही. स्वतःच्या ताटात काय आहे हे कळायचा हक्क तिचाच. चार वर्षं त्या शहरात राहून ज्याला रश्शाबद्दल एक प्रश्न विचारता येत नाही, त्याने 'मी आहे ना' म्हणू नये.

तर तुम्ही शाकाहारी असाल तर हे पाठ करा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देसु." मांस आणि मासे खात नाही. दाशीही चालत नाही. शब्दांचा क्रम बघा, मराठीचाच आहे. 'तो' म्हणजे आणि, 'मो' म्हणजे आपला 'ही'. नुसतं 'निकु नको' म्हणालात तर मासे येतील, कारण निकुत मासा धरत नाहीत. 'काना' म्हणजे जपानीची उच्चाराप्रमाणे लिहायची लिपी, तिची ४६ मूळ अक्षरंसुद्धा आपल्याला सोपी जातात. अ, क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या वळणाने लागलेला आहे. आठ दिवसांसाठी कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांच्या नादी लागू नका. काताकाना, म्हणजे परक्या शब्दांसाठी वापरतात ती काना, मात्र शिका, कॉफीपासून टॉयलेटपर्यंत बरेच शब्द त्यात लिहिलेले असतात.

दोन दिवसांनी आम्ही कोयासानला, म्हणजे बौद्ध मठांच्या डोंगरावर, एका मंदिरात राहिलो. तिथे शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं जेवण. दाशी कोम्बु आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची, कांदा-लसूणसुद्धा नाही. आई ओसाकाला उतरल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. आपण जेवणाआधी श्लोक म्हणतो तसं तिथे "इतादाकिमासु" म्हणतात हे मी तिला सांगितलं होतं, तर वाढणाऱ्या तरुण भिक्षूसमोर तिने हात जोडून ते म्हटलं.

आता हेही खरं की तुम्ही सगळं खात असाल आणि तोक्यो-ओसाकातच फिरणार असाल, तर जपानी न येताही आठ दिवस निघतात. स्टेशनांवर इंग्रजी पाट्या आहेत. दवाखान्यात जायची वेळ आली तर मात्र पाठ केलेल्या चार वाक्यांवर विसंबू नका, तिथे दुभाष्या मागा किंवा ॲपच वापरा. आणि तुम्ही जपानीत विचारलंत की उत्तरही भराभर जपानीतच येतं, म्हणून बोलण्याइतकाच वेळ ऐकण्याला द्या.

सोबत घरातलं कोणी वयस्कर असेल तर त्यांनाही दोन-तीन शब्द शिकवा. परतीच्या दिवशी विमानतळावर आईने तांदळाच्या बिस्किटांच्या पाकिटावर बोट ठेवून स्वतःच विचारलं, "साकाना?" दुकानातली मुलगी "हाय" म्हणाली. हाय म्हणजे हो. आईने पाकीट होतं तिथे परत ठेवलं आणि शेजारचं उचलून पुन्हा विचारलं.